दिवस राहिले, दिवस गेले

तपासणीच्या खोलीबाहेर शेजारी बसलेल्या बाईंना आमच्या दोघींच्या फाइलींवर आजाराचं एकच नाव दिसलं. गर्भाशयाची भिंत सुजून जाड होण्याचा आजार.

“सासूबाई म्हणतात, पिशवी काढून मोकळी हो. तुम्ही काढलीत का हो, ताई?”

“नाही. न कापताच उपचार केले.”

“मग? राहिले दिवस?”

“राहिले.”

“बघा! आता घरी जाऊन म्हातारीला ऐकवतेच.” त्या इतक्या मोकळ्या हसल्या, की पाचव्या महिन्यात सारं संपलं हे मला सांगवेना.

मी खोटं बोलले नव्हते. आपल्याकडे बाईला दिवस राहिले म्हणतात आणि दिवस गेले असंही म्हणतात. अर्थ एकच, आनंदाचा. मला मात्र ते शब्द आता वेगवेगळे ऐकू येतात. आधी राहिले, मग गेले. अर्ध्यावर थांबून मी त्यांना आशा दिली की फसवलं, हे अजून कळलेलं नाही.

त्यांचं नाव पुकारलं. दारातून वळून त्यांनी विचारलं, “बाळाचं नाव काय ठेवलंत?”

मी नाव सांगितलं. ते ठरलेलं होतं; बाळाच्या कानात सांगायचं तेवढं राहून गेलं.