गढूळ पाण्यातली हाक

काल सकाळी खाडीच्या तोंडाशी होडी नांगरली, तर जवळच गाद्यांचा कळप वर आला. शहरातली माणसं त्यांना डॉल्फिन म्हणतात. मी वल्हं पाण्यात उभं धरून दांड्याला कान लावला. आमचे म्हातारे मासा असाच हुडकायचे. आत शिट्ट्या चालल्या होत्या, मधेच गंजल्या बिजागरीसारखी करकर.

तिथलं पाणी इतकं गढूळ की आपलाच हात दिसत नाही. डोळ्यांच्या भरवशावर राहिला तर कळप फुटेल. म्हणून एक शिट्टी घालतो, दुसरा उत्तर देतो. मी इथे आहे, तू आहेस ना? एवढंच असणार. आणखी काय बोलायचं असतं?

आमच्या घरात तेच होतं. बायको मागच्या दारी मासे साफ करायची, मी पुढच्या पडवीत जाळं विणायचो.

"आहेस का गं?"

"आहे हो!"

काम काहीच नसायचं.

ती गेली. मी अजून हाक मारतो. परवा सून म्हणाली, "मामा, शेजारी हसतात. कुणाला हाक मारता?"

"तुझ्या सासूला. तुला मारली तर तू कुठे ओ देतेस?"

ती आत गेली.

हसू देत शेजारी. काल कळप लांब गेला, तरी वल्ह्यापाशी मागे राहिलेल्या एकाची शिट्टी चालूच होती. उत्तर नाही म्हणून तो थांबला नाही. मी का थांबू?

संध्याकाळी जाळं घेऊन बसलो आणि मोठ्याने विचारलं, "आहेस का गं?"

मागच्या दारातून सून म्हणाली, "आहे, मामा!"

आवाज बायकोचा नव्हता. पण कळप आमचाच.