हळदीवाचून गेलेली ओटी

खडू मागितला की ते दोन्ही हातांनी पुढे करायचे आणि म्हणायचे, "प्रेंदी, बाई." पाण्याचा तांब्या देतानाही तेच, हजेरीपट देतानाही तेच. आवाज इतका दमलेला, की खडू नव्हे, धान्याचं पोतं उचलून दिलंय असं वाटावं.

सांगलीच्या आमच्या मुलींच्या शाळेत ते शिपाई होते. फौजेतही शिपाईच होते, पण आम्ही त्यांना हवालदार म्हणायचो. फुकटची बढती द्यायला आमचं काय जात होतं? गाव साताऱ्याकडचं. वय पस्तिशीचं, चाल साठीची. मी एकवीस वर्षांची, नवी मास्तरीण, त्याहून नवी नवरी, आणि जगातलं सगळं ज्ञान माझ्या पिशवीत. त्यांना मी 'अरे हवालदार' म्हणायची. आज 'अहो-जाहो' करतेय ते तुम्ही ऐकताय. त्यांनी ऐकायला हवं होतं.

'प्रेंदी' म्हणजे घे. महायुद्धात ते आफ्रिकेच्या वाळवंटात पकडले गेले आणि कैदी म्हणून इटलीत पोचले. एक दिवस इटली शरण गेली, छावणीचे पहारेकरीच पळून गेले, तेव्हा हे डोंगरात शिरले. तिथे एका म्हातारीनं त्यांना गोठ्याच्या माळ्यावर, गवतात, अख्खा हिवाळा लपवलं. तिच्या भाषेतलं त्यांना आलं ते एवढंच.

"पाव दिला तरी प्रेंदी," ते सांगायचे. "वाट दावली तरी प्रेंदी. थंडी लागली तरी त्यातलंच कायतरी, उनाला बसलं तरी त्यातलंच. अन् तिच्या पोराला जर्मनांनी धरून न्हेलं, ते सांगताना बी तिनं त्योच शबुद काढला."

मी काय केलं असेल? हसले. सगळ्या शिक्षिकांसमोर त्यांना ऐकवलं, की आपली मराठी बघ, घेणं निराळं, धरणं निराळं, लागणं निराळं. त्या लोकांची भाषा फारच दरिद्री दिसते.

"व्हय बाई," ते म्हणाले. "आपल्याकडं शबुद लय हायती." आणि तांब्या भरायला गेले.

हा टोमणा होता हे कळायला मला काही वर्षं लागली. माझी हुशारी सावकाश चालायची.

थंडीत ते एक तपकिरी कोट घालत, कोपरांना ठिगळं लावलेला. म्हातारीच्या त्या मुलाचा. आतल्या खिशात तिच्या गावाचा पत्ता, पेन्सिलीनं लिहिलेला.

एका शनिवारी शाळा सुटल्यावर ते गाठोडं घेऊन माझ्या टेबलाशी आले. हिरवा खण, तांदूळ, खोबऱ्याची वाटी, सुपारी, एक हळदीची पुडी आणि एक कुंकवाची. त्यांना म्हातारीची ओटी भरायची होती. पोस्टानं. तिच्या दारातून रिकाम्या हातानं निघालो, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं. ओटी बाईमाणसानंच भरायची. आई ते कैदेत असतानाच गेली. ठरलेली नवरी, बातमी नाही म्हणून, दुसरीकडे दिली. राहता राहिली ओळखीची सवाष्ण, म्हणजे मी.

"छातीत लय दुखतंय आताशा," ते म्हणाले. "ऱ्हाऊन जाईल, बाई."

मी विचारलं, म्हातारीचा नवरा आहे ना? नव्हता. ती डोक्यापासून पायापर्यंत काळं घालायची.

त्याच महिन्यात मी विधवांच्या हालांवर भाषण करून मुलींच्या टाळ्या घेतल्या होत्या. पण माझं कुंकू नवं, आणि माझ्या हातानं विधवेची ओटी? सासूबाईंचा चेहरा डोळ्यांपुढे आला. हवालदारांना सुतळी आणायला पिटाळलं आणि दोन्ही पुड्या काढून टेबलाच्या कप्प्यात सारल्या. सांगलीत, बरं का, जिथे वाऱ्यालाही हळदीचा वास येतो, तिथे मी चिमूटभर हळद वाचवली.

ते परत आले तेव्हा कप्पा पुरता लागला नव्हता. पुड्या दिसल्या. ते स्टुलावर बसले. रागावले नाहीत, रागवायलाही अंगात जोर लागतो.

"म्या दुश्मनाचा शिपाई हुतो, बाई," ते म्हणाले. "ज्याच्या घरात मी सापडंन त्याला गोळी घालत्यात, हे तिला ठाव हुतं. आत घेताना तिनं मला काय बी इचारलं न्हाई."

पुड्या उचलून परत गाठोड्यात ठेवायला कितीसा वेळ लागला असता? नाही ठेवल्या. त्यांनीच त्या कोटाच्या खिशात टाकल्या आणि पार्सल शिवायला घेतलं. वरचा पत्ता मी लिहिला, सुवाच्य अक्षरात. तेवढं मला छान जमायचं.

पोच आली नाही. पोस्टमन दिसला की ते फाटकापर्यंत जायचे. पावसाळाभर गेले. मग तेवढंही चालवेना.

मिरजेच्या दवाखान्यात मी त्यांना एकदाच भेटले. कोट पायांवर पांघरला होता. मी मोसंबी नेली होती आणि माफीचं एक वाक्य घोकून नेलं होतं. मोसंबी तेवढी दिली. त्यांनी बराच वेळ कोट चाचपला, आणि हळदीची पुडी दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

"प्रेंदी, बाई."

या वेळी घेतली.

पुढच्या आठवड्यात शाळेला नवा शिपाई आला. चांगला धडधाकट होता. खडू एका हातानं द्यायचा.

आमचे हे जाऊन आता अकरा वर्षं झाली. चैत्रातल्या हळदीकुंकवाला शेजारच्या सुना मला आग्रहानं बोलावतात, कैरीची डाळ वाढतात, आणि करंडा माझ्यासमोरून पुढच्या बाईकडे नेतात. गोड पोरी आहेत. मीही मुकाट्यानं पन्हं पिते. कुणाला बोलणार, मीच ती.

यंदा घरी आले आणि कपाटातून ती पुडी काढली. हळद मातीच्या रंगाची झालीय, वास कधीच उडालाय. बोट बुडवलं, कपाळाशी नेलं, आणि आरशातल्या म्हातारीला म्हटलं, "प्रेंदी."