रेणूच्या नावची ठेव

रविवारचं जेवण अंगावर आलंय. तोडकर सर चटईवर आडवे झालेत, डोळा लागतोय न लागतोय. शेजारी शैलजाबाई मेथी निवडतायत. उद्या बँकेत जायचंय. लेकीच्या, रेणूच्या, जन्माला सरांनी मुदतठेव ठेवली होती. लेक आता अठरा वर्षांची झाली, तिनं स्वतः येऊन सही करावी, असं बँकेनं कळवलंय. रेणू सहाव्या वर्षीच तापानं गेली. सरांनी बँकेत ते कधी सांगितलंच नाही. पोरीच्या नावानं निदान एवढं तरी वाढतंय, म्हणून मुदत संपली की मुकाट्यानं पुढची मुदत घालत राहिले.

मेथीचा वास येतोय आणि सर बँकेच्या रांगेत उभे आहेत. खिडकीपाशी पोचतात, तर तिथं बालवाडीचा वर्ग. पिवळ्या फ्रॉकमधली रेणू बसकरावर बसलीय.

"बाबा, सही कुठं करू?"

"तुला कुठं येते सही?"

"मग शिकवा की."

शिकवायचं म्हटलं की सरांना चेव चढतो. जन्मभर अकरावीच्या पोरांना चक्रवाढ व्याज शिकवलेला माणूस! सही राहते बाजूला. ते रेणूला मांडीवर घेतात आणि खडूनं फरशीवर आकडे मांडायला लागतात. व्याज मुद्दलात, त्यावर पुन्हा व्याज. फरशी संपते, आकडे बार्शीच्या रस्त्यावर उतरतात.

"हे तुझं कॉलेज. हे लग्न. हा बंगला."

"आणि मग?"

"मग अख्खी बार्शी तुझी. वाढतच जातं बाळा, त्याला शेवट नसतो."

"मग माझा कसा झाला?"

सरांचा खडू थांबतो. जमीन, पाणी, माणसाचं आयुष्य, यातलं काहीच सूत्रासारखं वाढत राहत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. पण स्वतःच्या पोरीला ते कुठल्या तोंडानं सांगायचं? त्यांना रडू आवरत नाही.

"मी येणार नाही म्हणून सांगा ना त्यांना."

"सांगितलं की ठेव बंद होईल, बाळा."

"होऊ दे." ती त्यांच्या छातीवर डोकं टेकून झोपून जाते. सहा वर्षांच्या पोरीचं असतं तेवढंच तिचं वजन.

"अहो, चहा टाकू?"

मेथी निवडून झालीय. सर उठायला जातात आणि पुन्हा खाली बसतात.

"उद्या तूही चल बँकेत," ते म्हणतात. "सांगून टाकू."

शैलजाबाई निवडलेली भाजी बाजूला सारतात. मग त्यांचं लक्ष सरांच्या पायाकडे जातं. "काय झालं?"

"मांडी बधिर झालीय. मुंग्या आल्यात."

"थांबा, चोळून देते."

"नको." सर मांडीवर दोन्ही हात ठेवतात. "राहू दे जरा वेळ."