आत्याबाईंसाठी कादंबरी

लग्न होऊन मी बोर्ली पंचतनजवळच्या एका गावी आले, तेव्हा माझ्याबरोबर एक ट्रंक, चार लुगडी आणि मराठी पाचवीपर्यंतचं शिक्षण होतं. साल एकोणीसशे तिसाच्या आगेमागे. लुगडी लवकर विटली. शिक्षण मात्र माझ्या अंगाशी आलं.

नवरा मुंबईला एका पेढीवर कारकून होता. बायको सुधारलेली असावी अशी त्याला फार हौस, पण सुधारायला तो स्वतः घरी असायचा कुठे? शिमग्याला आणि दिवाळीला आगबोटीनं दिघीला उतरायचा. येताना फुटपाथवर घेतलेल्या जुन्या कादंबऱ्या आणायचा. कुणाचा पुठ्ठा गेलेला, कुणाची पहिली पानं वाळवीनं खाल्लेली. मला त्याचं काही वाटत नसे. कादंबरीत पहिल्या पानांवर नुसतं सूर्योदयाचं वर्णन असतं, ते वाळवीनं खाल्लं तर तिचे उपकारच.

कादंबऱ्या प्रेमाच्या, पण प्रेम तरी किती परीचं. एकीत किल्ला, घोडा, छावणी आणि जखमी सरदाराच्या उशाशी रात्रभर जागणारी मुलगी. एकीत मुंबईचं कॉलेज, मोटार, चहाचे पेले आणि एकमेकांना वह्या देणारी दोघं. एकीत खून, आणि खुन्याच्या मागावर असलेला गुप्त पोलिस नेमका मेलेल्याच्या बहिणीवर जीव टाकतो. आणि एक निव्वळ रडण्याची. तिच्यातल्या मुलीला क्षय होतो, आणि ती नायकाला मुद्दाम तोडून बोलून दुसरीशी लग्न करायला लावते. ती मी वाचली तेव्हा चुलीवरचा भात करपला होता.

अशी चीज एकटीनं कशी पचवायची? शेजारच्या सुनांना मी एकेक करून वश केलं. ज्यांना वाचता येई त्या घेऊन जात, बाकीच्यांना मी वाडीत रहाटाजवळ बसून वाचून दाखवी. कुणाला कोणती द्यावी हे मला अचूक कळतं, अशी माझी ख्याती झाली. शेजारीण नवऱ्याच्या धाकात पिचलेली होती, तिला मी घोड्यावरचा सरदार दिला. ती म्हणे, "निदान पुस्तकात तरी कुणी उतरून बायकोला हात देतो." पलीकडच्या घरची जरा आडदांड होती, तिला नुसतं प्रेम मिळमिळीत लागे. "एखादा मुडदा पडला की कसं बरं वाटतं," असं ती म्हणाली तेव्हाच मी तिच्या हातात गुप्त पोलिस ठेवला. वैद्य देईल नाडी बघून औषध, तशी मी द्यायची. मला त्याचा चांगलाच ताठा चढला होता.

चातुर्मासात बोटी बंद, त्यामुळे नवी कादंबरी नाही. त्यातून दुपारी आमच्या घरी पोथी लागायची. आळीतल्या बायका लाखाच्या वाती वळत बसायच्या आणि वाचायला मी, कारण घरात बायकांत वाचणारी मीच. पुरुष ओटीवर, सासूबाई माजघरात, कादंबरीचं नाव काढायची सोय नाही. मग आम्ही युक्ती काढली. कादंबऱ्यांना अध्यायांची नावं दिली. पहिला म्हणजे घोडेस्वार, तिसरा म्हणजे खून, पाचवा म्हणजे कॉलेज, आणि सातवा म्हणजे क्षयवाली. चार पुस्तकं मी पोथीच्याच जुन्या रुमालात बांधून पोथीशेजारी ठेवली. पोथीला पारोशा हातानं कुणी शिवत नाही, तेव्हा याहून भक्कम कुलूप कोणतं?

मग सासूबाईंच्या देखत आमच्या शिफारशी चालत. "तिसरा अध्याय ऐकलास का गो? फार बोधप्रद." "पाचव्यातले ऋषी काय तेजस्वी आहेत." आणि सातव्याचं नाव निघालं की दोघीतिघी खरोखर पदरानं डोळे टिपत. सासूबाई कौतुकानं बघत. हल्लीच्या सुनांत एवढा भाव, असं त्यांनी देवळात चार जणींना सांगितलं. आम्ही खाली मान घालून हसू दाबत होतो.

खांबाशी आत्याबाई बसत. सासऱ्यांच्या या थोरल्या बहिणीच्या अंगाची हळद वाळायच्या आत नवरा पटकीनं गेला. परकर नेसायच्या वयात त्या माहेरी परत आल्या, त्या कायमच्या. डोक्यावर लाल आलवण, हातात कापूस. त्यांच्यासारखी वात आळीत कुणाला वळता येत नसे. जीभ तिखट, पण बोलणं मोजकं. त्या आमचं बोलणं ऐकतात हे आम्हांला ठाऊक होतं, पण त्यांची भीती वाटत नव्हती. खरं सांगायचं तर त्या तिथे आहेत हे आमच्या लक्षातच नसे.

एका एकादशीला सासूबाई देवळात गेल्या होत्या, बायकाही आल्या नव्हत्या. आत्याबाईंनी पाट मांडला, चौरंगावर पोथी ठेवली, समई लावली आणि मला म्हणाल्या, "आज मला एकटीला सातवा वाच."

मी पोथीची पानं उगाच सारखी केली. "सातवाच का, आत्याबाई?"

"ही पोथी मी कित्येक चातुर्मास ऐकत्ये. सातव्यात माझ्या डोळ्याला कधी पाणी आलं नाही. तुम्ही काल आलेल्या पोरी, नुसतं नाव काढलं की डोळे पुसता. म्हणजे माझ्याच भक्तीत कुठेतरी खोट आहे. आज नीट मन लावून ऐकत्ये. सावकाश वाच."

खऱ्या पोथीच्या सातव्या अध्यायात तीर्थांची नावं आहेत. नुसती नावं, एकापुढे एक. ते ऐकून रडणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. पण आत्याबाई वातीचं ताट बाजूला सारून हात जोडून बसल्या. मी वाचू लागले. एकेका नदीचं नाव आलं की त्या डोळे घट्ट मिटून घेत. मध्येच त्यांनी बोटानं पापणीची कड चाचपून पाहिली. ती कोरडी होती. मला ओव्या दिसेनात. धरणीनं पोटात घ्यावं असं आपण सहज म्हणतो. त्या दुपारी मला ते खरंच हवं होतं.

अध्याय संपला. "नाहीच आलं," त्या म्हणाल्या. मग रीतीप्रमाणे त्यांनी पोथीला नमस्कार केला आणि वाचणारीला करायचा म्हणून माझ्यापुढे वाकल्या. आमच्याकडे पाटावर बसून पोथी सांगणाऱ्याचं वय बघत नाहीत, थोरामोठ्यांनीही त्याच्या पाया पडायचं. त्यांचं कपाळ माझ्या पायाला लागलं, तशी मी पाय ओढून घेतले आणि रडत सगळं ओकले. सातवा म्हणजे काय, ऋषी म्हणजे कोण, रुमालात काय बांधलंय, सगळं.

मला वाटलं, आता आत्याबाई सासूबाईंना सांगतील. कादंबऱ्या चुलीत जातील आणि मला माहेरची वाट धरावी लागेल. तसं झालं असतं तर मला एवढं लागलं नसतं.

"म्हणजे माझ्या भक्तीत खोट नाही," त्या म्हणाल्या.

"नाही हो, आत्याबाई."

"बरं झालं." मग त्यांनी विचारलं, "कुणाला कसली गोष्ट आवडेल ते तुला बरोबर कळतं म्हणतात. शेजारणीला दिलीस, त्या पलीकडच्या दांडगीला दिलीस. मी रोज इथेच बसलेली असत्ये. मला कसली द्यावी, असं कधी आलं का गो तुझ्या मनात?"

नाही आलं, हेच खरं. आलवण नेसलेल्या बाईला प्रेमाची गोष्ट आवडेल, हे माझ्या सुधारलेल्या डोक्यात एकदाही शिरलं नव्हतं. शेजारणीची नाडी मी पाहिली होती, आणि घरातल्या माणसाला नाडी असते हेच विसरले होते. लबाडी उघडी पडल्याची लाज केव्हाच मागे पडली. ही दुसरीच होती, आणि ती आजही गेलेली नाही.

मी घाईघाईनं पाचवी काढली. कॉलेजची. म्हटलं, हिच्यात कुणी मरत नाही. पुढच्या कित्येक दुपारी, बायका उठून गेल्यावर, मी ती त्यांना हळू आवाजात वाचून दाखवली. वात वळता वळता त्या ऐकत. चहाच्या पेल्यांना हसल्या. त्या दोघांच्या भांडणात त्यांनी त्याची बाजू घेतली, तिची नाही, आणि माझ्याशी वादही घातला. मला वाटलं, चला, ऋण फिटत आलं.

शेवटच्या पानावर मंगलाष्टकं संपतात, अंतरपाट दूर होतो, दोघं एकमेकांकडे बघतात. मी पुस्तक मिटलं.

"पुढं?" आत्याबाईंनी विचारलं.

"संपली."

"लग्न लागलं आणि संपली?" त्यांचा हात थांबला. "अगो, लग्न माझंही लागलं होतं. अंतरपाटापर्यंतचं मला ठाऊक आहे. त्याच्या पुढचं जिच्यात असेल ती काढ."

मी रुमाल सोडला. एकेकीचं शेवटचं पान त्यांच्यासमोर उघडून पाहिलं. सरदाराचं लग्न किल्ल्यावर लागत होतं. खुनी पकडला गेला होता आणि गुप्त पोलिसाचा मुहूर्त ठरत होता. क्षयवाली तर नायकाच्या वरातीची वाजंत्री ऐकत मरत होती. पुढचं पान कुणालाच नव्हतं.

"नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही."

पुढचं मला ठाऊक होतं. नवरा वर्षाकाठी दोनदा का होईना यायचा, जेवताना माझ्या आमटीला नाव ठेवायचा आणि दुसऱ्यांदा वाढून घ्यायचा. पायरीवर त्याच्या वहाणा दिसल्या की घर भरल्यासारखं वाटायचं. एवढंच सांगितलं असतं तरी त्यांना चाललं असतं. पण आपल्या भरल्या संसारातलं त्यांच्यापुढे काढायची मला लाज वाटली, आणि मी रुमालाची गाठ बांधत बसले.

आत्याबाईंनी कापूस पुन्हा हातात घेतला.

"मग लिहिणाऱ्यांनाही माझ्याएवढंच ठाऊक," त्या म्हणाल्या, आणि वात वळू लागल्या.