खडूची रेघ

स्टेजवर चढले की नाना आधी खडूने आडवी रेघ मारत. रेघेपुढे भोंगे, मागे माईक. "बोलणाऱ्यानं रेघ ओलांडायची नाही," एवढंच सांगत. समोर नगरसेवक असो की मंडळाचा पोरगा.

सुरतेतल्या कामगार वसाहतीत, खानदेशातून आलेल्या लूम कामगारांच्या लग्नाला, सभेला, गणपतीला नानांचेच भाड्याचे भोंगे असत. नव्वदीच्या सुरुवातीची ही गोष्ट. मी तेव्हा एका मराठी साप्ताहिकाचा बातमीदार होतो.

एकदा त्यांच्या दुकानात मी रेघेचं कारण विचारलं. त्यांनी माईक भोंग्यासमोर धरला आणि अँप्लिफायरचं बटण हळूहळू फिरवलं. दोघंही गप्प. तरी बारीक शिट्टी निघाली आणि कान फाटेपर्यंत चढत गेली.

"कोण बोललं?"

"कोणीच नाही."

"बारीक खरखर असतेच ना, भाऊ. माईक ती पकडतो, मशीन मोठी करतं, भोंगा बाहेर टाकतो, माईक पुन्हा तीच पकडतो. आपलाच आवाज परत येस." त्यांनी माईक बाजूला वळवला. शिट्टी थांबली. "मशीनचा दोष नाही."

असा भोंगा तुम्हीही ऐकला असेल. तेव्हा आपण सगळे माईकवाल्याकडेच पाहतो.

त्या वर्षी गणपतीत सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. फोटोग्राफर म्हणाला, "साहेब, जरा पुढे." मी माईक हातात घेऊन रेघेपुढे तीन पावलं गेलो. भोंगे किंचाळले. मुलं रडू लागली. पाहुणे कान झाकून उठले.

"ओ नाना, भंगार आणलं का?" अध्यक्ष ओरडले.

"पीके आया है!" मागून कोणीतरी.

नाना धावत आले, आवाज कमी केला. माझ्या पायांकडे पाहिलं. मी रेघेमागे सरकलो आणि पुढचं नाव पुकारलं.

बातमीत मी लिहिलं, 'ध्वनिक्षेपकातील बिघाडामुळे कार्यक्रमात व्यत्यय आला.'

आठवड्याने नाना कात्रण घेऊन आले. "बिघाड नव्हता, भाऊ. तेवढं छापा. लोक हे दाखवून कामाला नाही म्हणतात. नवरात्राचं काम गेलं, दोन लग्नांचंही गेलं."

"पुढच्या अंकात," मी म्हणालो.

खुलासा छापायचा तर रेघ कोणी ओलांडली तेही लिहावं लागलं असतं. मी लिहिलं नाही. ते आणखी दोनदा आले, मग आले नाहीत.

होळीनंतर दुकानाला कुलूप दिसलं. शेजारचा शिंपी म्हणाला, "सगळं विकून गावी गेले. प्रत्येक गिऱ्हाइकाला वाजवून दाखवत होते. बघा, बिघाड नाही म्हणायचे." मग त्याने मला निरखून पाहिलं. "तुम्ही ते पेपरवाले ना? त्यांचं छापणार होतात?"

"पुढच्या अंकात," मी म्हणालो.