दादानं गाडी पळवली नव्हती

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? कदाचित तुम्ही शिनोलीचे नाही म्हणून. गावातल्या माणसासमोर हे बोलायची हिंमत माझ्यात नाही, एवढं आधीच कबूल करतो.

मी पतसंस्थेत कारकून. पण गावात मला ओळखतात ते गाड्यांच्या नादामुळे. सुट्टीच्या दिवशी आमच्या पडवीत एखादी तरी मोटारसायकल गोणपाटावर उघडी पडलेली असायची. शिकलो कसा? मोबाईलवर व्हिडिओ बघून, आणि स्वतःच्या गाडीची वाट लावून. कुणी गॅरेजचं नाव काढलं की मला झोंबायचं. मी असताना गॅरेज? असा तोरा. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात — माझ्या बाबतीत म्हण चुकली. शहाणा मी, आणि रिकामा झाला माझा भाऊ.

दादा, माझा थोरला भाऊ, जनावरांचा छोटा व्यापार करायचा. बेल्ह्याच्या बाजारात एखादी कालवड हेरायची, घरी आणून चारापाणी करायचं, मग गिऱ्हाईक बघायचं. गिऱ्हाईक शोधत गावोगाव फिरायचं म्हणजे गाडी हवीच. ती गाडी धूर मारायला लागली, ऑइल प्यायला लागली. तो मंचरला गॅरेजमध्ये टाकायला निघाला होता. मीच अडवलं. म्हटलं, वरचंच तर इंजिन करायचंय — हेड काढायचं, ब्लॉक काढून लेथवर बोअर करून आणायचा, नवा पिस्टन, नव्या रिंगा. त्यात काय एवढं?

"जमंल ना रे दत्ता? तुझ्या वहिनीला घिऊन लोणीला जायचंय. तिच्या भावाकडं जागरण-गोंधळ हाय."

"तू निस्ता बघ दादा," मी म्हटलं.

आणि जमलं हो — जवळजवळ सगळं जमलं. रिंगांची तोंडं एकमेकींपासून फिरवून बसवली. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे केला. पडवीत बसून मी अगदी रंगून गेलो होतो. मग लॉक बसवायची वेळ आली.

पिस्टनमधून एक आडवी पिन जाते. ती बाजूला सरकू नये म्हणून तिच्या दोन्ही टोकांना तारेची बारीक कडी बसवतात. त्या कडीला लॉक म्हणतात. एक बसलं. दुसरं माझ्या पकडीच्या टोकावरून टुणकन उडालं आणि अंगणात गेलं. अंगणात भाताचा पेंढा पडलेला. मी शोधलं. लोहचुंबक फिरवलं. नाहीच सापडलं.

मंचरला जाऊन नवं आणता आलं असतं. दुकान उघडं होतं — मी खोटं का बोलू आता? दुपार होती. पण शेजारची दोन माणसं बघत उभी होती, आणि दादा म्हणत होता, झालंच की! एवढ्याशा तारेसाठी मी कुणाच्या तरी गाडीवर बसून जायचं? जुनं लॉक रॉकेलच्या डब्यात पडलेलं होतं. एकदा काढलेलं लॉक ढिलं पडतं, ते परत बसवू नये, हे मला माहीत होतं. प्रत्येक व्हिडिओत सांगतात. मी ते पुसलं आणि बसवलं. वर ब्लॉक चढवला, हेड चढवलं. झाकलं की कुणाला दिसतंय?

दादाला मी बजावलं — नवा पिस्टन आहे, सुरुवातीला गाडी हळू चालवायची, पिळायची नाही. दादा म्हणाला, "न्हाई पिळत बाबा." आणि त्यानं नाही पिळली. सायकलवाले पुढे जात होते म्हणे.

वहिनीला घेऊन लोणीला जाताना पारगावच्या पुढे उसाचा ट्रॅक्टर लागला, मागे दोन ट्रॉल्या. दादानं तो मागे टाकायला गाडी जराशी ओढली. जराशीच. ट्रॅक्टर मागे पडला आणि थोड्या वेळानं इंजिन जागच्या जागी जाम झालं, मागचं चाक आवळलं गेलं. दादाला खरचटलं. वहिनी एका बाजूला पाय सोडून बसली होती, ती गुडघ्यावर पडली.

गाडी टेम्पोत घालून घरी आणली. मी एकट्यानं उघडली. जुनं लॉक सुटलेलं, पिन बाहेर आलेली, आणि तिनं पिस्टनभोवतीच्या ब्लॉकच्या भिंतीत नांगराच्या तासासारखा चर पाडलेला. बघताक्षणी कळलं. तेवढ्यात दादा दवाखान्यातून आला आणि दारातूनच विचारलं, "काय झालं व्हतं रे?"

"जाम झालाय पिस्टन," मी म्हणालो. "ट्रॅक्टरला ओव्हरटेक केलास तवा पिळली व्हतीस का?"

तो आठवत राहिला. "पिळली व्हती... जराशी."

"मग?"

एवढंच बोललो — मग? खोटं बोलायला मला पुरं वाक्यसुद्धा लागलं नाही. दादा दारातच खाली बसला. "तेवढ्यानं जाम व्हतं व्हय रे?" मी म्हणालो, व्हतं. ब्लॉक भंगारात गेला, मीच घातला.

वहिनीचा गुडघा पुन्हा नीट वाकला नाही. आमच्याकडे भातलावणी वाकूनच करतात, दुसरा मार्ग नाही. ती बांधावर बसून राहायची आणि तिच्या जागी बायकांच्या ओळीत दादा. चिखलात वाकलेला, डोक्यावर इरलं. लोक चिडवायचे, "काय पावणं, गुडघ्याएवढं लुगडं बी नेसा की!" तो हसायचा. बांधावर वहिनी दुसऱ्या बायकांना सांगायची, "ह्यांच्या घाईनं माझा पाय गेला. काय नडलं व्हतं ट्रॅक्टरच्या पुढं जायला?" त्याला ऐकू जाईल अशीच सांगायची. तो मान वर करायचा नाही. मीही त्याच खाचरात असायचो, त्याच्यापासून हातभर अंतरावर.

त्यानं गाडी विकली. बेल्ह्याला जाणं सुटलं, व्यापार सुटला. वहिनी माहेरी एसटीनं जायची, एकटी. आधी हीच बाई त्याच्या मागे बसून भीमाशंकरपर्यंत हसत जायची — मी पाहिलंय. नंतर ताट वाढून ती आत निघून जायची. त्यांच्यातलं बोलणं कामापुरतं उरलं. मला तर एकच वाक्य बोलायचं होतं. किती वेळा ओठांवर आलं म्हणून सांगू? पण प्रत्येक वर्षी ते जास्त जड होत गेलं. आता सांगितलं तर, इतकी वर्षं का नाही सांगितलं याचं उत्तर काय द्यायचं? म्हणून आणखी एक वर्ष गप्प.

गेल्या हिवाळ्यात दादाचं लिव्हर गेलं. कधी दारूला शिवला नव्हता. दवाखान्यात मी आणि वहिनी. ती खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर, पाय लांब करून. दुपारी त्याला जरा हुशारी आली. त्यानं माझा हात धरला.

"दत्ता, तुला इंजिनातलं कळतं. तू सांग हिला. म्या खरंच गाडी पळवली नव्हती रे. माझं ऐकत न्हाई ती. तुझं ऐकंल."

वहिनी माझ्याकडे बघत होती. दादा बघत होता. त्याला दुसरं काहीच नको होतं. माझ्याजवळ ते होतं. सगळं होतं.

मी त्याचा हात थोपटला आणि म्हणालो, "जाऊ दे दादा. झालं ते झालं. वहिनीनं कवाच माफ केलंय तुला."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग हात सोडवून घेतला आणि भिंतीकडे कूस वळवली. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी गेला.

दहाव्याला घाटावरून परत येताना वहिनी मला म्हणाली, "भाऊजी, तुमी शेवटाला त्यांची समजूत काढली, लई बरं केलं. माझ्या तोंडून ते निघालं नसतं." असं म्हणून तिनं माझ्या खांद्याचा आधार घेतला, कारण उतारावर तिचा पाय टेकत नाही. मी तिला घरापर्यंत आणलं.