कोलशेतची गृहभेट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईलासुद्धा नाही, आणि आईला तर मी सगळं सांगायचे — पहिल्या पगारात घेतलेल्या साडीची खरी किंमत तेवढी सोडून. ती गेली तेव्हा वाटलं, आता सांगण्यासारखं कुणी उरलंच नाही, म्हणजे सुटले. पण सुटले कुठे? म्हणून आता तुम्हाला सांगतेय. तुम्ही मला ओळखत नाही, हे त्यातल्या त्यात बरं.

मी ठाकुर्लीला राहते. एकटी. कल्याणच्या एका कॉलेजात गुन्हेशास्त्र शिकवते — हो, असा विषय असतो. मी एम.ए.ला प्रवेश घेतला तेव्हा आमच्या डोंबिवलीच्या काकांनी भर पंगतीत विचारलेलं, "गुन्हे करायला शिकवतात की पकडायला गं?" सगळे हसले. मीही हसले. पण आतून मला त्या विषयाचा भारी तोरा होता. बाकीचे आकडे शिकणार, मी माणूस शिकणार, असं काहीतरी. वर्गात आम्ही मोजके होतो. पुढे एक जण तुरुंगाधिकारी झाला, एक जण बँकेत फसवणुकीची प्रकरणं बघते, आणि एक पठ्ठ्या लग्नाआधी मुलाची गुपचूप चौकशी करून देणाऱ्या एजन्सीत लागला, तोच आमच्या सगळ्यांत जास्त कमावतो. मी ठाण्यात प्रोबेशन ऑफिसरच्या हाताखाली कंत्राटावर लागले.

प्रोबेशन, सरकारी मराठीत परिविक्षा, म्हणजे काय ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. एखाद्याच्या हातून पहिल्यांदाच गुन्हा घडला, तोही लहानसा, तर कोर्ट त्याला तुरुंगात न धाडता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर घरी सोडू शकतं. पण त्याआधी कोर्ट विचारतं — हा माणूस आहे कसा? ते बघायला आमच्यापैकी कुणीतरी त्याच्या घरी जायचं, बसायचं, घरच्यांशी आणि शेजाऱ्यांशी बोलायचं, मग अहवाल लिहायचा. याला गृहभेट म्हणतात. आमचे एक सर म्हणायचे, गुन्हा फायलीत सापडतो, माणूस घरी सापडतो. मला ते वाक्य इतकं आवडलेलं की वहीच्या पहिल्याच पानावर उतरवून ठेवलेलं.

बघा, मी अजून मुद्द्यावर येत नाहीये. वर्गातली मुलं अशी गोल गोल फिरवून उत्तरं लिहितात तेव्हा मी लाल पेनानं शेरा मारते — नेमकं लिहा.

बरं. नेमकं लिहिते.

चौदा-पंधरा वर्षं झाली असतील. एक प्रकरण आलं. नाव बदलून सांगते — हरेश. कोलशेतचा. तिथल्याच एका कारखान्यात स्टोअरमध्ये हेल्पर होता आणि तांब्याच्या तारेचं एक भेंडोळं पिशवीत घालून नेताना गेटवर सापडला. गुन्हा त्यानं कबूल केलेला. वय चोवीस. आधी पोलिसांत कधी नाव नाही. साखरपुडा झालेला. मॅजिस्ट्रेटनी अहवाल मागवला. माझ्या हाताखालून गेलेल्या फायलींत इतकी सरळ फाइल दुसरी नव्हती. जायचं, भेटायचं, सोडायला हरकत नाही असं लिहायचं. अमुक दिवशी बाई घरी येतील असा निरोपही त्याच्या आईला मिळालेला.

त्याच दिवशी चार वाजता कल्याणला माझी मुलाखत होती. याच कॉलेजात, याच नोकरीसाठी. ऑफिसात मी कुणाला कळू दिलं नव्हतं. कोलशेत उरकायचं आणि तसंच स्टेशन गाठायचं, असा बेत. रिक्षावाल्यानं नाक्यावर थांबवलं. पुढचा रस्ता पाइप टाकायला खणून ठेवलेला, गाव आत खाडीच्या अंगाला, चालत पाऊण किलोमीटर असेल. मी मुलाखतीची साडी नेसलेली, आणि समोरचा तो चिखल बघून — चिखल? मे महिना होता. चिखल कुठला? नुसती धूळ होती आणि ऊन होतं. इतक्या वर्षांनीही खोटं कसं हळूच आत शिरतं, बघा.

नाक्यावर पानाची टपरी होती. मी रिक्षातून उतरले, टपरीवाल्याला हरेशचं नाव आडनावासकट सांगितलं आणि विचारलं, माणूस कसा आहे?

"त्याचं नाव नका काढू मॅडम," तो म्हणाला. "दिवसभर टाइट असतो. परवा त्यानं बायकोला रस्त्यावर मारलेलं."

बायको? फायलीत तर नुसता साखरपुडा होता. एवढी एक गोष्ट माझ्या डोक्यात टोचली असती तरी पुरे होतं. टोचली, खरं तर. मी घड्याळ बघितलं. अडीच वाजलेले. डायरीत 'व्यसनी, भांडखोर' असे दोन शब्द लिहिले आणि तीच रिक्षा वळवायला सांगितली.

मुलाखतीला तीन जण होते. मधल्या बाईंनी विचारलं, प्रोबेशनच्या कामात सर्वांत महत्त्वाचं काय? मी म्हटलं, गृहभेट. म्हटलं, गुन्हा फायलीत सापडतो मॅडम, माणूस घरी सापडतो. एवढ्यावर थांबले का? नाही. मी आत्ता तशाच एका घरातून आलेय, असंही सांगितलं. बाई पुढे झुकून ऐकत होत्या. मी त्या घराचं वर्णन केलं — पत्र्याचं छप्पर, दारात तुळस, कोपऱ्यात गप्प बसलेली आई. मी कधीही न बघितलेली आई. नोकरी मिळाली.

अहवालात एवढं वर्णन करायची हिंमत नव्हती. तिथे लिहिलं — 'निवासस्थानी भेट दिली असता घर बंद आढळले. स्थानिक चौकशीत सदर इसम व्यसनी व भांडखोर असल्याचे समजले. सबब परिविक्षेवर सोडण्याची शिफारस करता येत नाही.' खाली सही. माझं अक्षर तसं छान आहे, सगळेच म्हणतात.

अहवाल कोर्टात गेला आणि आठवड्याभरानं हरेशची आई ऑफिसात आली. पुढची तारीख चार दिवसांवर होती. अहवालातलं 'व्यसनी व भांडखोर' तेवढं वकिलानं तिला वाचून दाखवलेलं. बुटकी बाई, गुडघ्याच्या खाली जेमतेम पोचणारं लुगडं, हातात पायपुसण्याएवढा रुमाल. खुर्ची दिली तरी बसली नाही. भांडायला आली असेल असं वाटून मी आधीच तोंड कडक केलेलं.

"बाई, माजा पोऱ्या दारू पित नाय," ती म्हणाली. "पितो तो वरच्या आलीतला हरेश. त्याचा नाव पन तोच नि आरनाव पन तोच. गावात कोनाला बी इचारा."

कोलशेतसारख्या जुन्या गावात निम्म्या घरांचं आडनाव एक, आणि पोरांची नावंही फिरून फिरून तीच. तिथला माणूस कधी नुसतं नाव विचारत नाही, कुठल्या आळीतला, कोणाचा, हे आधी विचारतो. मी सोसायटीत वाढलेली, दारावरची पाटी वाचून माणूस ओळखणारी. मला हे कसं ठाऊक असणार? असं मी स्वतःला बरीच वर्षं विचारलं. पण आत गेले असते तर हे ठाऊक असायची गरजच काय होती?

मग तिनं हळूच विचारलं, "तुमी येनार व्हत्या ना? मी सकालपासना वाट बगत व्हती. शेजारच्यांच्या दोन खुर्च्या पन आनून ठेवलेल्या."

इथे, बघा, मला खरं बोलायची संधी होती. खोलीत आम्ही दोघीच होतो. मी म्हटलं, "मी आले होते. अडीच-तीनला. घर बंद होतं तुमचं."

वेळ मी अशीच ठोकून दिलेली. तोंडाला आली ती. पण तिचा चेहरा पडला. ती रुमाल चाचपत राहिली.

"तीनला नल येतो आमचा," ती म्हणाली. "दहा मिन्टं पान्याला गेलेली मी. बाहेरनं दाराला करी लावलेली, म्हून तुमाना बंद वाटला आसंल." आणि मग, अगदी बारीक आवाजात, "मना काय माहीत, तवाच तुमी याल."

माझं खोटं कच्चं होतं. तिनं ते पक्कं करून दिलं. मी काय म्हणाले, सांगू? मी म्हटलं, "असू दे, होतं असं कधीकधी." तिला माफ केल्यासारखं.

ती गेल्यावर मी बराच वेळ टेबलाशी बसून होते. चूक दुरुस्त करायला एक पान पुरलं असतं. पुरवणी अहवाल म्हणतात त्याला — नावात घोळ झाला, फेरभेट आवश्यक आहे, एवढंच. चार दिवस हातात होते. पण मग साहेब विचारणार, पहिल्या भेटीत काय केलंत? आणि कॉलेजला माझं अनुभवाचं प्रमाणपत्र हवं होतं, त्यावर साहेबांची सही व्हायची होती. मी ते चार दिवस कपाटातल्या जुन्या फायली लावत घालवले. फार नीट लावल्या. साहेबांनी कौतुकही केलं.

हरेशला सहा महिन्यांची शिक्षा झाली. साखरपुडा मोडला. हे मला कोर्टातल्या शिपायाकडून कळलं, मी विचारलं नसताना. पुढच्याच महिन्यात मी कॉलेजात रुजू झाले.

तेव्हापासून दरवर्षी मी गृहभेट हे प्रकरण शिकवते. मन लावून शिकवते. मुलांना सांगते, दारापर्यंत जा, उंबरा ओलांडा, नाक्यावरची माहिती घेऊ नका. माझे विद्यार्थी आज तुरुंगात आहेत — म्हणजे नोकरीला — महिला आश्रमांत आहेत, कोर्टांत आहेत. फोन करून सांगतात, मॅडम, तुमच्यामुळे आम्ही नीट काम करतो. मी बरं बरं म्हणते आणि फोन ठेवते. मग घरात इतकं शांत होतं की फ्रिजचा आवाजही मोठा वाटतो.

एकटेपणाचं म्हणाल तर तो मी स्वतःच ओढवून घेतलाय. एक चांगला माणूस होता. दोन वर्षं आम्ही भेटत होतो. एकदा तलावपाळीला फिरताना तो म्हणाला, तुझ्यासारखी सरळ बाई मी बघितली नाही. त्यानंतर मी त्याला भेटणं कमी केलं, मग बंद. त्याला कारण कधी कळलं नाही. मैत्रिणींचंही तसंच. कुणी जरा जवळ आलं की वाटतं, आता ही मला चांगली समजायला लागणार. मग मी कामात असते. रविवारी दुपारी भाजी निवडत बसते, एक माणूस खाईल एवढी, आणि कुणाशी तरी बोलावंसं वाटतं. फार वाटतं. पण बोलायला गेलं की पहिलं हेच ओठांवर येईल, ही भीती.

गेल्या हिवाळ्यात मी गेले. पहिल्यांदाच. कोलशेतला आता टॉवर उठलेत, नाक्यावरची टपरी नाही, पण मागे गाव आहे तसं आहे. या वेळी मी आळी विचारली, कोणाचा तेही विचारलं. काय बोलायचं ते पाठ केलेलं. 'मी त्या दिवशी आलेच नव्हते' — एवढंच वाक्य.

म्हातारीनं मला लगेच ओळखलं. मी घाबरले. पण ती हात धरून आत घेऊन गेली, पंखा लावला. हरेश घरात होता. आता टेम्पो चालवतो, लग्न झालेलं नाही, कानांवरचे केस पिकलेत. ती त्याला म्हणाली, "ह्या त्या बाई रं. येवऱ्या उनातना आपल्या घरी आलेल्या. मीच नवती."

त्यानं माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं नाही, चपला घातल्या आणि बाहेर गेला.

"बोलत नाय माज्याशी," ती चहाचं आधण ठेवता ठेवता म्हणाली. "जेलमदना आला तवापासना. जेवतो, पैसं देतो, पन आई म्हून हाक नाय मारत. त्याचा बी बराबर हाय. दहा मिन्टं कल काढली आसती मी तर?"

मी तिथे सांगायलाच गेले होते. वाक्य तोंडात होतं. ती चहा गाळत होती, पाठमोरी, तिला माझं तोंडही दिसत नव्हतं — याहून सोपं काय असतं? मी कप घेतला. चहा छान झालाय म्हटलं. तिच्या गुडघेदुखीची चौकशी केली. मग येते म्हणाले आणि निघाले.

हे मी तुम्हाला सांगितलं, तिला नाही. ती अजून आहे, तिचा मुलगा अजून तिच्याशी बोलत नाही, आणि त्या दुपारी, नळाला पाणी यायच्या आधी किंवा नंतर, तिच्या दाराशी कुणीही आलेलं नव्हतं.